कान उडालेला घोडा

"चहा सांगून ठेव," चष्मेवाला मुलीला म्हणाला, "आणि वर बशी झाक. वाफ जायच्या आत डाव संपवून येतो."

हे त्याने हळू आवाजात सांगितलं असतं तर पुढची निम्मी फजिती तरी वाचली असती. पण तो बोलला हॉलच्या दारात, तीस-पस्तीस माणसांच्या देखत, आणि माणसं हसली. माणसं हसली की चष्मेवाल्याला चेव यायचा. "साखर दोन चमचे," तो म्हणाला, "जिंकल्यावर गोड चालतं मला."

तसं बघितलं तर त्याचं काही चुकलं नव्हतं. बुद्धिबळात त्याचं रेटिंग दोन हजार सत्त्याऐंशी. समोर बसणाऱ्या शिंप्याचं अकराशे त्रेचाळीस. एवढ्या फरकाने माणूस हरायचा तर खेळता खेळता त्याला झोप तरी लागायला हवी. आणि शिंपी शेवटच्या फेरीत पहिल्या पटावर पोचला होता तोही असाच. त्याचे दोन प्रतिस्पर्धी तापाने आलेच नाहीत. एकाला ऐन डावात बायकोचा फोन आला, "ऑल द बेस्ट" म्हणायला. फोन वाजला की डाव गेला, असा नियम. एकाला आपल्या सख्ख्या भावाचं लग्न आजच असल्याचं दहाव्या चालीला आठवलं आणि तो बूट न घालताच पळाला. एक डाव मात्र शिंप्याने खरंच जिंकला होता, पण कसा ते त्याला सांगता येत नव्हतं.

चष्मेवाल्याला आज बरोबरीसुद्धा पुरणार होती. पण त्याचा जीव पहिल्या नंबरात नव्हताच. डाव संपला की क्लबतर्फे त्याला 'सचोटी चषक' मिळणार होता, तीस वर्षं स्वच्छ खेळल्याबद्दल. चषक कोपऱ्यातल्या टेबलावर फडक्याखाली झाकून ठेवला होता. भाषण मुलीने लिहिलं होतं, दोन पानं. ती एकवीस वर्षांची, आणि रविवारी क्लबात लहान मुलांना ती शिकवायची. भाषणाचं पहिलं वाक्य होतं, "हात लावला की खेळायचं, हे मला बाबाने शिकवलं."

बुद्धिबळात तो नियमच आहे. ज्या मोहऱ्याला हात लागला तेच हलवायचं, मग भलेही जीव जावो. पण चष्मेवाल्याने तो घरातही लागू केला होता. दुकानात ज्या शर्टाला हात लागला तोच घ्यायचा. बाजारात ज्या भोपळ्याला हात लागला तोच घरी यायचा, किडका का असेना. बायको पाहुण्यांना सांगायची, "कुणाच्या तरी लग्नात पाण्याचा ग्लास देताना ह्यांचा हात लागला माझ्या हाताला. मग काय करणार बिचारे! खेळावंच लागलं."

मुलगी ह्या नियमावर वाढली होती. दुसऱ्या कुणाचा बाप देवभोळा असतो, कुणाचा शिस्तीचा. तिचा बाप हात लावला की खेळणारा होता.

हॉल म्हणजे एका वाचनालयाच्या वरचा मजला. लांबलचक खोली, एकावर एक दिलेल्या रंगांचे पापुद्रे, तीन पंखे, त्यातला मधला नुसता आवाज करणारा. पंच म्हणून चष्मेवाल्याचा मेहुणा होता. एरवी तो विमा विकायचा. आपण भाऊजींच्या बाजूने आहोत असं कुणी म्हणू नये म्हणून तो भाऊजींशी जरा जास्तच कडक वागायचा. आजही त्याने त्यांच्या शर्टाचा खिसा तपासला आणि पेपरमिंटच्या दोन गोळ्या जप्त केल्या.

पहिल्या पटाला मान म्हणून क्लबचा जुना लाकडी सेट मांडला होता आणि चावीचं घड्याळ ठेवलं होतं. बाकी सगळीकडे प्लास्टिक आणि सेलवरची घड्याळं. ह्या लाकडी सेटातला एक पांढरा घोडा दुसऱ्याच सेटातला होता, बाकीच्या घोड्यांपेक्षा बोटभर बुटका. मूळचा घोडा एकवीस वर्षांपूर्वी हरवला होता. तो कुठे गेला हे जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस आत्ता खुर्ची पुढे ओढून बसत होता.

शिंपी समोर बसला. गळ्यात मापाची टेप तशीच होती. त्याने पटाकडे बघितलंच नाही. "सर," तो म्हणाला, "कॉलर उसवलीय तुमची. डाव्या बाजूला. नंतर या, दोन टाके घालून देतो."

"आधी तुमचं उसवू," चष्मेवाला म्हणाला. जवळचे दोघं-तिघं हसले. शिंपीही हसला, मनापासून.

पांढरी मोहरी चष्मेवाल्याची. पहिल्या दहा चाली त्याने पेपर वाचावा तशा केल्या. चाल करायची, घड्याळाचं बटण दाबायचं, कागदावर चाल लिहायची आणि उठून दुसऱ्यांचे डाव बघत फिरायचं. समोरचा कच्चा असला की मोठे खेळाडू असेच फिरतात. तेवढंच समोरच्याला आपण कोण ते कळतं.

अकराव्या चालीला परत आला तेव्हा बुटका घोडा त्याच्याकडे तोंड करून उभा होता.

चष्मेवाल्याचे घोडे कायम डावीकडे, खिडकीकडे बघत असायचे. तीस वर्षांची सवय. "अ‍ॅडजस्ट," तो म्हणाला. मोहरं नुसतं सरळ करायचं असेल तर आधी तसं म्हणावं लागतं.

"करा ना," शिंपी अदबीने म्हणाला.

त्याने घोडा खिडकीकडे वळवला. शिंप्याने चुकून हलवला असेल, त्याच्या मनात आलं. टेप लागली असेल.

चौदाव्या चालीला घोडा पुन्हा त्याच्याकडे बघत होता. शिंपी हात मांडीवर ठेवून बसला होता, फोटोला बसतात तसा. "अ‍ॅडजस्ट." ह्या वेळी बोटांना लाकूड कोमट लागलं. खूप वेळ कुणीतरी मुठीत धरून आत्ताच खाली ठेवल्यासारखं. चष्मेवाल्याने वर बघितलं. खिडकीतून ऊन येत होतं खरं, पण ते दुसऱ्या भिंतीवर पडलं होतं.

तो मग फिरायला उठला नाही.

शिंपी खेळत होता ते धड चांगलंही नव्हतं आणि धड वाईटही नव्हतं. विचार करताना तो एक बोट ओठांवर ठेवायचा आणि चाल केली की मोहऱ्याच्या डोक्यावर हलकेच टिचकी मारायचा. ही सवय चष्मेवाल्याने कुठेतरी पाहिली होती. कुठे, ते त्याला आठवायचं नव्हतं. विसाव्या चालीला त्याने मुद्दाम नेहमीची चाल टाळली. बाविसाव्या चालीला पुन्हा टाळली, हत्ती नको तिथे नेला. तेविसाव्या चालीला शिंप्याने उंट ओढून वजिराच्या मागे उभा केला, टिचकी मारली, आणि चष्मेवाल्याने पट ओळखला.

तोच डाव. एकेक प्यादं तिथल्या तिथे.

एकवीस वर्षांपूर्वी, ह्याच हॉलमध्ये, ह्याच सेटावर त्याच्यासमोर गावातला एक घड्याळजी बसला होता. चाळिशीचा, किडकिडीत, रेटिंगने चारशेने कमी. मुलगी तेव्हा तीन महिन्यांची होती. जिंकणारा राज्याच्या संघात जाणार होता. असाच काळा उंट, त्याच्यापुढे वजीर, दोघंही पांढऱ्या राजाच्या दारावर नेम धरून. आणि दारात एकटा घोडा. घोडा हलला की मात. चष्मेवाल्याने त्या दिवशी घोडा उचलायला हात घातला, तीन बोटांनी धरला, आणि मग त्याला मात दिसली. त्याने हात काढून हत्ती हलवला.

घड्याळजी उभा राहिला. "ह-ह-ह-" तो म्हणाला. तो अडखळत बोलायचा. "ह-हात ला-ला-"

"काय झालं?" त्या वेळच्या पंचाने विचारलं. त्याला घरी जायची घाई होती.

"मी हात लावला नाही," चष्मेवाला म्हणाला. स्पष्ट आणि एका दमात. घड्याळजीचं वाक्य पुरं होईपर्यंत पंचाचा निकाल देऊन झाला होता. पाच चालींनंतर घड्याळजी हरला. तो परत कधी खेळला नाही, आणि वर्षभरात दुकान बंद करून कुठे गेला ते कुणी विचारलं नाही. चष्मेवाला मात्र पुढे कितीतरी दिवस क्लबात त्याची नक्कल करायचा. "ह-ह-हात" म्हणायचा, आणि माणसं हसायची. माणसं हसली की त्याला चेव यायचा.

त्या संध्याकाळी घरी जाताना त्याला शर्टाच्या खिशात तो पांढरा घोडा सापडला होता. खिशात तो कसा आला, हे त्याला आजही सांगता आलं नसतं. हॉलच्या मागे उघडं गटार होतं. त्याने घोडा त्यात टाकला. पडताना गटाराच्या दगडावर आपटून त्याचा उजवा कान उडाला. कानाचा तुकडा दगडावरच राहिला होता, तोही त्याने बुटाने आत ढकलला. बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

आत्ता त्याने पटावरच्या घोड्याकडे बघितलं. घोडा आता बुटका नव्हता, बाकीच्या घोड्यांच्या उंचीचा होता.

उजवा कान नव्हता.

चष्म्याच्या दुकानात बसणारा माणूस डोळ्यांवर सहसा विश्वास ठेवत नाही. त्याने चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला. कान नव्हताच. तुटल्या जागी लाकूड काळपट पडलं होतं, बरीच वर्षं पाण्यात राहिल्यासारखं. वासही येत होता, थोडासा.

"सर, बरं वाटत नाहीये का?" शिंप्याने विचारलं.

"खेळा तुम्ही."

"चाल तुमचीय सर."

चाल त्याचीच होती. आणि ती सोपी होती. हत्ती एक घर बाजूला घेतला की धोका संपत होता, आणि मग शिंप्याची दहा-बारा चालींत वाट लागत होती. घड्याळात अकरा मिनिटं होती. शिंपी पाणी प्यायला उठला. पट पाठीमागे ठेवून तो जारपाशी गेला, ग्लास शोधायला लागला.

चष्मेवाल्याने हत्तीकडे हात नेला.

बोटांत घोडा होता.

त्याने हात मागे घेतला. घोडा खाली टेकला, थोडा कलता. आवाज अगदी लहानसा झाला. मेहुणा पाठमोरा होता. शेजारच्या पटावरचे दोघं आपापल्या संकटात होते. चष्मेवाल्याने मान वर केली, तर दोरीपलीकडे मुलगी उभी होती. हातात चहाचा कप, वर बशी. त्याला चिडवायला आली होती, चहा गार झाला म्हणून. ओठांवरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं.

शिंपी ग्लास घेऊन परत आला. "घोडा खेळलात का सर?"

"नाही."

"नाही, जरा हललेला दिसला म्हणून."

एवढ्यावर मेहुणा आला. भाऊजींचा पट म्हटल्यावर तो येणारच. "भाऊजी, हात लावलात का?"

मुलगी बघत होती. कोपऱ्यात फडक्याखाली चषक होता. भाषणाची दोन पानं तिच्या पर्समधून डोकावत होती.

"मी हात लावला नाही," चष्मेवाला म्हणाला. स्पष्ट, आणि एका दमात.

"ह्यांच्यावर शंका घेऊ नका हो," शिंपीच म्हणाला, कानाची पाळी धरून. "ह्यांना तर आज त्याचाच कप मिळायचाय. माझंच चुकलं."

मेहुणा गेला. मुलगी तिथेच राहिली. तिने बशी काढून कपाकडे बघितलं, आणि पुन्हा झाकली.

चष्मेवाल्याने हत्तीकडे हात नेला. ह्या वेळी सावकाश. बोटं हत्तीच्या डोक्यावर आहेत हे बघत बघत त्याने ती मिटली.

घोडा.

त्याने पटकन सोडला. डावा हात पुढे केला. प्यादं. प्याद्याला हात घालणं तर जगात सगळ्यात सोपं.

घोडा. आणि आता तो गरम होता.

"अ‍ॅडजस्ट," तो म्हणाला.

"करा ना," शिंपी म्हणाला.

सात मिनिटं. चार. तो हात मांडीखाली घेऊन बसला. मग वाटलं, घोडाच खेळावा. हरलो तर हरलो. पण आत्ता घोडा खेळला म्हणजे हात लावला होता असंच झालं, आणि मुलगी समोर उभी होती. मागच्या पटांवरचे डाव संपत आले होते. एकेक माणूस येऊन दोरीपाशी थांबत होता. दोन हजार सत्त्याऐंशीवाला मांडीखाली हात घेऊन घामाघूम का झालाय, ते कुणाला कळत नव्हतं.

"खोल विचार चाललाय," कुणीतरी म्हणालं.

एक मिनिट.

घड्याळाची टिकटिक अडखळत होती. एक ठोका, मग थांबून तीन. मग थांबून एक.

त्याने दोन्ही हात पुढे केले.

घड्याळातली लाल पट्टी पडली.

हॉलमध्ये पंख्याचा आवाज तेवढा राहिला. मेहुण्याने घड्याळ बघितलं, भाऊजींकडे बघितलं, पुन्हा घड्याळ बघितलं. "वेळ संपली," तो म्हणाला. "काळा जिंकला." मग नोकरी गेल्यासारखं तोंड करून त्याने निकाल लिहिला. चष्मेवाल्याने खाली सही केली. सहीला पेन नीट धरता आलं, ह्याचंच त्याला नवल वाटलं.

शिंप्याचे डोळे भरून आले होते. "सर, कळलं मला," तो हळूच म्हणाला. "तुम्ही सोडलात डाव. माझ्यासारख्याला हुरूप यावा म्हणून. एवढं मोठं मन... नाही, मी कुणाला नाही सांगणार." आणि लगेच मागे वळून त्याने तिघांना सांगितलं.

पाच मिनिटांत ते सगळ्या हॉलला माहीत झालं. मेहुण्याने फडकं ओढलं, चषक भाऊजींच्या हातात दिला आणि मुलीला भाषणासाठी बोलावलं. ती माइकपाशी आली. पानं उघडली. पहिली ओळ तिने मनातल्या मनात वाचली असावी, कारण ओठ हलले. मग तिने पानं घडी करून पर्समध्ये ठेवली.

"बाबाच बोलेल," ती म्हणाली.

चष्मेवाला माइकसमोर उभा राहिला. आता सांगून टाकायचं, त्याने ठरवलं. आत्ताचं, आणि एकवीस वर्षांपूर्वीचंही. वाक्य तयार होतं. चारच शब्दांचं. मी हात लावला होता.

"ह-" तो म्हणाला. "ह-ह-ह-"

माइकने ते सगळ्या भिंतींना ऐकवलं.

"ह-हात ला- ला-"

"भरून आलंय त्यांना," पुढच्या रांगेत शिंपी म्हणाला, आणि टाळ्या वाजवायला लागला. सगळा हॉल उठला. टाळ्या थांबेनात. चष्मेवाला तोंड उघडून, चषक छातीशी धरून उभा होता, आणि जितका जोर लावत होता तितकी माणसं आणखी हेलावत होती. मागे दाराशी कुणीतरी त्याची नक्कल केली. दोघं-तिघं हसले.

मुलीने टाळ्या वाजवल्या नाहीत.

मेहुण्याने मोहरी मोजून पेटीत भरली. भाऊजी बाजूला उभे राहून बघत होते. बत्तीस भरली. पांढऱ्या घोड्यांत एक बुटका होता, दोन्ही कान शाबूत. मेहुण्याने झाकण लावलं.

जिना उतरताना मुलगी दोन पायऱ्या पुढे होती. "बाबा," ती मागे न बघता म्हणाली, "तीन बोटं होती. मी बघितली."

"ह-" तो म्हणाला.

ती थांबली, वाट बघितली. बराच वेळ बघितली. मग म्हणाली, "चषक तूच धर," आणि एकटी पुढे गेली.

शर्टाचा खिसा जड लागत होता. त्याने आत न बघताच हात घातला. हॉलमागच्या गटारावर आता सिमेंटची झाकणं होती. एका झाकणाचा कोपरा तुटलेला होता, मूठ जाईल एवढा. ऊन अजून होतं, शेजारच्या गच्चीवर कुणीतरी कपडे काढत होतं. त्याने मूठ आत घातली आणि उघडली. खाली पाण्यात पडल्याचा आवाज आला. त्याने तो नीट ऐकला आणि खात्री करून घेतली. चषकही टाकावासा वाटला होता, पण तो भोकातून गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दहाला दुकान उघडलं. पहिल्या आल्या त्या समोरच्या गल्लीतल्या रिटायर झालेल्या बाई, वाचायच्या चष्म्यासाठी. चष्मा परवाच तयार झाला होता, त्याने स्वतः काचा बसवून डबीत ठेवला होता. त्याने खणातून डबी काढली आणि काउंटरवर ठेवली.

बाईंनी डबी उघडली. आत बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं.

"हा घोडा आहे," बाई म्हणाल्या. "आणि ओला आहे. माझा चष्मा कुठाय?"

चष्मेवाल्याने सांगायला तोंड उघडलं. बाई साडेदहापर्यंत थांबल्या, मग दुसऱ्या दुकानात गेल्या.